आज्ञेतला आनंद

ऋषिपंचमीच्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हा एकदा गर्दीत उभे राहून माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. उंच रथ, त्याला बांधलेले जाड दोर आणि त्या दोरांना हात लागावा म्हणून चाललेली धडपड. तळहात सोलवटतात, अंग घामाने निथळते, पाय तुडवले जातात. पण कुणी कुरकुरत नाही. उलट ज्याला दोर धरायला मिळाला नाही, तोच हिरमुसतो. एरवी घरात पाण्याची घागर उचलायची वेळ आली की जो दहा सबबी सांगेल, तोच माणूस इथे मिळालेला भार मिरवत असतो.

आज्ञा पाळणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेगळे चित्र येते. खाली घातलेली मान, आवळलेले ओठ आणि मनातल्या मनात चाललेली कुरकुर. वडिलांची आज्ञा, साहेबाची आज्ञा, सासूबाईंची आज्ञा. देवाची आज्ञासुद्धा अनेकदा आपण अशीच पाळतो; चुकलो तर काहीतरी वाईट होईल या धास्तीने. पण दोर धरणाऱ्या माणसाचे पाळणे निराळे. तिथे भार असतो, सक्ती नसते. असे पाळणे उत्सवाच्या एका दिवशी सोपे आहे. ते जन्मभर करायचे, आणि तेही घरदार, जात, नोकरी पणाला लावून करायचे, तर कसे होते? हे पाहायचे असेल, तर महाराष्ट्रातल्या एका ख्रिस्ती कवीचे चरित्र उघडावे लागते. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

लोकमान्यांशी त्यांची गल्लत होऊ नये. दोघेही कोकणातले, दोघेही चित्पावन आणि दोघांचेही आयुष्य एकाच काळातले. पण वाटा अगदी वेगळ्या. आपल्यापैकी अनेकांना रेव्हरंड टिळक भेटले ते मराठीच्या क्रमिक पुस्तकात. शिकाऱ्याच्या घावाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पाठ करताना कित्येक पिढ्यांतल्या मुलांचे डोळे भरून आले. फुलामुलांचे कवी हे नाव त्यांना चिकटले ते अशा कवितांमुळे. पण ही कोवळी कविता लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात दोनदा असा निर्णय घेतला, की भल्याभल्यांची छाती दडपावी.

आगगाडीतली भेट

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील सरकारी नोकर आणि स्वभावाने तापट. आई भाविक आणि सोशिक. आईचे छत्र मुलगा लहान असतानाच हरपले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन झाले, थोडे इंग्रजी शिक्षण झाले, पण पदवीपर्यंत गाडी पोहोचली नाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणे लग्न लवकर झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका अकरा वर्षांची असताना लक्ष्मीबाई टिळक होऊन त्यांच्या घरी आली.

संसार म्हणावा तर तो कधी एका जागी टिकला नाही. टिळकांना एका गावात आणि एका नोकरीत चैन पडत नसे. हातात पैसा ठरत नसे. मनात आले की न सांगता घर सोडून जाण्याचीही त्यांची सवय होती. कीर्तन करावे, शीघ्रकविता कराव्यात, सभा गाजवाव्यात आणि घरी येऊन पाहावे तर डब्यात पीठ नाही, असा सारा कारभार. पण या भटकंतीच्या मुळाशी नुसता चंचलपणा नव्हता. देवाचा शोध चालला होता. नागपूरला असताना ‘ऋषी’ नावाचे धार्मिक विषयांचे मासिक त्यांनी चालवले. आपल्या समाजातला उच्चनीचभाव त्यांना सलत होता आणि देश उभा राहायचा तर माणसामाणसांत बंधुभाव हवा, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. तिथल्या संस्थानात त्यांना काम मिळाले होते. आगगाडीच्या डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि त्या धर्मावर येऊन थांबल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत रुचले नाही. पण पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही.

इथून गोष्ट सुरू होते ती दिलेल्या शब्दाची. पुस्तक वाचायला घेतले, तर आरंभी त्यात मन रमेना. दुसऱ्या कुणी ते फळीवर टाकले असते. पण शब्द दिला होता. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथे थबकले. शत्रूवर प्रेम करावे, दान गाजावाजा न करता द्यावे, उद्याच्या भाकरीची चिंता करीत बसू नये, ही शिकवण त्यांनी यापूर्वीही निरनिराळ्या रूपांत ऐकली होती. तुकोबा तर त्यांच्या जिभेवरच होते. पण इथे ती आज्ञा म्हणून समोर आली. ऐकून मान डोलवायची नाही, तर उठून तसे वागायचे. टिळक पुढे सांगत, की आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकारामांच्या पुलावरून. ज्या पुलावरून आलो, तो पूल त्यांनी कधी पाडला नाही.

खरे बोलण्याची किंमत

मनातून पटणे वेगळे आणि चारचौघांत ते सांगणे वेगळे. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी घरच्यांना मरणे. टिळकांना मधली वाट सहज सापडली असती. देवघरात मनातल्या मनात ख्रिस्ताला भजावे, बाहेर जानवे आणि पंक्ती सांभाळाव्यात. कुणाला काही कळले नसते. संसार वाचला असता, मुलगा जवळ राहिला असता. पण देवाची आज्ञा पाळायची आणि ती पाळतो हे लपवायचे, हा व्यवहार त्यांच्या प्रामाणिकपणाला मानवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाळकांच्या हातून. ख्रिस्ताचे व्हायचे, साहेबाचे नव्हे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिले.

बातमी लक्ष्मीबाईंच्या कानी आली तेव्हा जो हलकल्लोळ झाला, त्याची कल्पना आज करणेही कठीण. त्यांचे माहेर कमालीच्या सोवळ्याओवळ्याचे. पदरात लहानगा दत्तू. नवरा हयात असून नसल्यासारखा. पुढची चार वर्षांहून अधिक त्यांनी टिळकांपासून दूर काढली. कधी नाशिककडे, कधी पंढरपुरात, आप्तांच्या आधाराने आणि लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा झेलत.

इथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. देवाची आज्ञा टिळकांना आली. तिची किंमत मात्र कुणी मोजली? घरातला पुरुष तत्त्वासाठी उठतो तेव्हा चूल विझते ती बायकोची. हा हिशेब टिळकांच्या नावावर आहे आणि भक्तिभावाने चरित्र वाचतानाही तो पुसून टाकता येत नाही. टिळकांनीही तो पुसला नाही. नव्या श्रद्धेच्या आनंदात असताना पत्नी आणि मुलगा दुरावल्याचे दुःख त्यांच्या पत्रांतून आणि कवितांतून वाहत राहिले. आनंद आणि दुःख एकाच घरात राहू शकतात. खोटे बोलून मिळवलेली शांती मात्र फार दिवस टिकत नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला एक मुभा दिली होती. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. ते वाट पाहत राहिले.

दोन चुली, एक घर

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे सोबत घेऊन. ख्रिस्ती नवऱ्याच्या गावात राहायचे, पण स्वयंपाक आपला वेगळा, पाणी वेगळे. टिळकांच्या नव्या सोबत्यांना हे विचित्र वाटले असणार. ज्याने स्वतः जात सोडली त्याने बायकोची सोवळ्यातली चूल कशी चालू द्यावी? पण टिळकांनी ती चालू दिली. आपल्याला जी आज्ञा ऐकू आली ती तिलाही ऐकू आलीच पाहिजे, अशी जबरदस्ती त्यांनी केली नाही. एरवी त्यांचा स्वभाव तापट होता, घरात शब्दाला शब्द लागत असे. पण या एका बाबतीत त्यांनी धीर सोडला नाही.

टिळकांच्या आज्ञापालनाची खरी कसोटी मला इथे दिसते. स्वतः कठीण आज्ञा पाळणारी माणसे पुष्कळदा दुसऱ्यांच्या बाबतीत जुलमी होतात. मी एवढे सोसले, मग तुला काय झाले, असा त्यांचा सूर असतो. ज्याचे पाळणे आनंदाचे असते, त्याला दुसऱ्यावर लादण्याची गरज भासत नाही. दोर ओढणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांना शिव्या देत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांतला एखादा आपणहून पुढे येतो.

तसेच झाले. लक्ष्मीबाई पाहत होत्या, ऐकत होत्या, स्वतःशी वाद घालत होत्या. जातीची उतरंड देवाने रचली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडवला, आणि ती माणसाची रचना आहे हे एकदा पटल्यावर सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे, तर आपल्या पायांनी चालत. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले, त्यात या साऱ्या दिवसांची हकिगत आहे. ज्याने आपल्याला एवढे रडवले त्या माणसाविषयी इतक्या हसतमुखाने लिहिणारी लेखिका मराठीत दुसरी दाखवणे अवघड. त्याचे दोष त्या झाकत नाहीत आणि त्याच्यावरचे प्रेमही लपवत नाहीत. प्रामाणिकपणा असा दोघांच्याही वाट्याला आला.

नगरला टिळकांनी सेमिनरीत शिकवले; १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. कोण आले, कोण जेवले, कोण राहिले याचा पत्ता नसे. कवी बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले आणि त्या घरचे होऊन गेले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले.

पण त्यांचे सर्वांत मोठे काम गाण्यांचे. तोवर मराठी ख्रिस्ती मंडळींत मुख्यतः परक्या चालींवर बेतलेली गीते म्हटली जात. टिळकांनी देवळात टाळ-मृदंग आणले, अभंग आणि भजने आणली, कीर्तनाची परंपरा ख्रिस्तकथेला जोडली. पंढरीची वाट ज्या सुरांनी दुमदुमते, तेच सूर ख्रिस्ताच्या भजनात ऐकू येऊ लागले. शेकडो गीते त्यांनी लिहिली. मराठी ख्रिस्ती उपासनेत ती आजही म्हटली जातात. धास्तीने आज्ञा पाळणारा माणूस गात नाही. ख्रिस्ताने शिष्यांना आपले जू खांद्यावर घ्यायला सांगितले आणि ते हलके असल्याचा भरवसा दिला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. मानेला न बसणारे जू बैलाची कातडी सोलते. नीट बसलेले जू घेऊन तोच बैल दिवसभर नांगर ओढतो. टिळकांच्या मानेवर ते नीट बसले होते, याचा पुरावा त्यांची गाणी.

साताऱ्याचा दरबार

आपल्या भागाला ख्रिस्ती सेवेची ओळख झाली ती मुख्यतः मिरजेमुळे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन हॉस्पिटलमध्ये आजारी माणसाला बैलगाडीत घालून नेल्याच्या आठवणी या पंचक्रोशीत घरोघरी सांगितल्या जात. पण टिळकांच्या आयुष्याचे अखेरचे पर्वही आपल्याच मुलखात घडले, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळाले. त्याआधी तासगाव हा सातारा जिल्ह्याचाच तालुका. त्या जिल्ह्याच्या मुख्य गावी, साताऱ्यात, १९१७ साली टिळक येऊन राहिले.

ते आले कसे? मिशनची नोकरी सोडून. वय पंचावन्नच्या पुढे गेलेले, प्रकृती खालावत चाललेली, शिल्लक अशी काही नाही. या वयात माणूस पेन्शनचा विचार करतो. टिळकांना मात्र एक प्रश्न छळत होता. ज्याचा पगार परदेशी मिशनकडून येतो, त्याच्या तोंडून ख्रिस्ताचे नाव ऐकताना लोकांना ते खरे कसे वाटावे? हा चाकरीचा भाग म्हणून बोलतो, असेच ते म्हणणार. मिशनने त्यांच्यावर अन्याय केला होता म्हणून ते गेले असे नव्हे. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह टिकून राहिला. पण आपले बोलणे आणि आपला पगार यांची गाठ लोकांच्या नजरेत खुपते, एवढे कळल्यावर गप्प बसणे त्यांना जमेना. बाप्तिस्म्याच्या वेळी जो प्रामाणिकपणा त्यांनी जातीपुढे दाखवला, तोच आता आपल्या नव्या घरापुढे दाखवला.

साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना त्या काळाच्या फार पुढची. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सारेच, ज्यांना ख्रिस्ताच्या मागे चालायचे आहे, त्यांनी एका कुटुंबासारखे एकत्र यावे. भजन करावे, सेवा करावी, आणि दाराशी कुणी जात किंवा दाखला विचारू नये. सज्जनगडाच्या पायथ्याच्या मुलखात एका ख्रिस्ती संन्याशाने मांडलेला हा दरबार होता. हा संन्यास बायकामुलांना टाकून घेतलेला नव्हता. एकदा घर मोडून आज्ञा पाळावी लागली होती. आता लक्ष्मीबाई बरोबर होत्या. संसार तसाच फाटका होता, पण या वेळी तो दोघांनी मिळून पत्करलेला होता.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. दोन वर्षांच्या आतच आजाराने टिळकांना गाठले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न. त्यांच्यामागे दरबारही उभा राहू शकला नाही. यशाच्या नेहमीच्या मापाने मोजले, तर शेवटचे धाडस फसले असेच म्हणावे लागेल. संस्था उरली नाही, इमारत उरली नाही, पैसा तर कधी नव्हताच.

पण आज्ञा पाळणाऱ्याने फळाचा हिशेब मांडावा का? ज्याला हिशेब मांडायचा असतो, तो नोकरी करतो, आणि नोकरी तर टिळकांनी सोडली होती. जे खरे वाटले ते लपवले नाही, जे पटले ते दुसऱ्यावर लादले नाही आणि जे केले ते गात गात केले. एवढीच त्यांची मिळकत. आपल्यापैकी प्रत्येकाचा देव वेगळा असेल, आज्ञा वेगळी असेल. कुणाला ती म्हाताऱ्या आईच्या उशाशी बसायला सांगते, कुणाला दुकानातले वजन नीट ठेवायला. ती आपण पाळतो तेव्हा मनात कुरकुर आहे की गाणे, हे ज्याचे त्याने एकांतात तपासून पाहण्यासारखे आहे.

एक काम टिळकांच्या हातून अर्धवट राहिले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केले होते आणि आरंभीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे काव्य लक्ष्मीबाईंनी रचायला घेतले. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, जिला नवऱ्याने घरी अक्षरे गिरवायला शिकवली, जी कधी काळी त्याच ख्रिस्ताच्या नावाने रडली होती, तिने वर्षानुवर्षे बसून ओवीमागून ओवी रचली. १९३६ साली त्या गेल्या, तोवर काम जवळजवळ तडीस गेले होते. टिळकांच्या हातून सुटलेला दोर त्यांनी उचलला होता. तो ओढायला त्यांना कुणीही सांगितले नव्हते.